त्रिंकोमालीचा उन्हाळा

मे महिन्यात श्रीलंकेचा समुद्र शांत असतो की खवळलेला, या प्रश्नाची दोन उत्तरं आहेत आणि दोन्ही खरी आहेत. गॉल, मिरिसा, बेंटोटा ही नावाजलेली ठिकाणं नैऋत्य किनाऱ्यावर आहेत. तिथे मेच्या मध्यापासून आपल्यासारखाच नैऋत्य मोसमी पाऊस चढू लागतो, लाटा उसळतात, पोहायला मनाई करणारे लाल बावटे लागतात. बेटाच्या मधोमध असलेले डोंगर हे ढग अडवतात. त्यामुळे पूर्वेकडचा त्रिंकोमालीचा किनारा नेमका त्याच दिवसांत कोरडा, लख्ख आणि निवांत असतो. तिकडचा मुख्य पाऊस ऑक्टोबरनंतर ईशान्येकडून येतो. ज्यांची सुट्टी शाळेच्या वेळापत्रकाने एप्रिल-मेमध्ये बांधून ठेवली आहे, त्यांनी पूर्व किनाराच धरावा. आम्ही तोच धरला.

आम्ही म्हणजे तिघी. लातूरची मी, नुकतीच दहावीची परीक्षा दिलेली माझी मुलगी आणि नांदेडहून आलेली तिची मावशी. लातुरात दहावीनंतरचा उन्हाळा आता सुट्टीचा राहिलेला नाही. परीक्षांच्या तयारीच्या ‘लातूर पॅटर्न’ने या गावाला नाव दिलं आणि खरोखरच कितीतरी शेतकऱ्यांच्या घरांत डॉक्टर आणले, पण त्याची किंमत मुलांच्या उन्हाळ्यांनी मोजली आहे. शेवटचा पेपर झाला की डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेचे, नीटचे वर्ग सुरू. बीड, परभणी, हिंगोली, धाराशिवची मुलं इथे खोल्या करून राहतात आणि एप्रिलच्या उन्हात पाठीला दप्तर लावून एका वर्गातून दुसऱ्या वर्गात जातात. माझ्या मुलीने क्लासला नाही म्हटलं नव्हतं. तिची मागणी एवढीच होती : “आई, मला काही बघायचं नाही. नुसतं पाण्यात बसायचं आहे.”

लातूर-नांदेडकडून समुद्र कोणत्याही दिशेला निघालं तरी लांब. मग लांबच जायचं तर थोडं आणखी लांब, असा विचार झाला. खर्च आवाक्यात ठेवण्यासाठी आम्ही एकच नियम केला : रोज नवं गाव नको, एका किनाऱ्यावर तळ ठोकायचा आणि कुणा कुटुंबाच्या घरातली खोली घ्यायची. पुढे लक्षात आलं की पैसे वाचवणारा हा नियमच विश्रांती देणाराही आहे. सोळा वर्षांच्या मुलीला सकाळी उठवून देवळं-किल्ले दाखवत फिरवलं, की तिला तो आणखी एक क्लास वाटतो.

आमच्या भागाला बाहेरच्या जगाचा दरवाजा मुंबईपेक्षा हैदराबादचाच जवळचा. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत लातूर आणि नांदेड निजामाच्या हैदराबाद संस्थानातच होते. दवाखाना, लग्नाचा बस्ता, मोत्यांची खरेदी यांसाठी आजही पाय तिकडेच वळतात. तिथून विमानाने कोलंबो दोन तासांच्या आतबाहेर.

उतरलो तो दिवस वैशाख पौर्णिमेचा होता. श्रीलंकेत दर पौर्णिमेला सुट्टी असते, पण ‘वेसाक’ सगळ्यांत मोठी. बुद्धाचा जन्म, ज्ञानप्राप्ती आणि महापरिनिर्वाण या तिन्ही गोष्टींची ही तिथी. घराघरांवर कागदी आकाशकंदील, चौकाचौकांत जातककथांची चित्रं लावलेल्या दिव्यांच्या उंच कमानी, आणि रस्त्याच्या कडेला ‘दन्सल’. दन्सल म्हणजे फुकट अन्नदानाचे मांडव. हातात बौद्ध ध्वज घेतलेली तरुण मुलं रस्त्यावर येऊन गाड्या थांबवतात आणि जेवूनच जा म्हणतात. कुठे भात आणि भाज्या, कुठे उकडलेले हरभरे, कुठे नुसतं सरबत. एका मांडवात आम्हाला पानावर भात, मसूर डाळ आणि फणसाची भाजी वाढली. कोण, कुठल्या, कोणत्या धर्माच्या, कुणीही विचारलं नाही. नांदेडच्या मावशीला सचखंड गुरुद्वाऱ्याचा लंगर लहानपणापासून ठाऊक. तिने खाली बसताना डोक्यावरून पदर घेतला, तो आपोआपच.

लातूरकरांना बुद्धपौर्णिमा परकी नाही. उदगीरला २०२४ मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते विश्वशांती बुद्धविहाराचं उद्घाटन झालं आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९५० च्या मे महिन्यात जागतिक बौद्ध परिषदेसाठी श्रीलंकेत, कँडीला गेले होते. नागपूरच्या धम्मदीक्षेच्या सहा वर्षं आधी. बुद्धाचा धम्म चालत्या-बोलत्या समाजात कसा दिसतो, हे त्यांना तिथे पाहायचं असणार. तो दन्सलचा मांडव पाहताना हे मी मुलीला सांगितलं. ती पाठ्यपुस्तकात १९५६ शिकली होती, १९५० हे तिला नवीन होतं.

कोलंबोहून त्रिंकोमालीकडे जाताना कुरुणेगला मागे पडलं, डंबुल्ला आलं, तशी नारळीची गर्दी विरळ होत गेली. जमीन सपाट झाली, झाडं खुजी आणि काटेरी झाली. श्रीलंका म्हणजे सगळीकडे हिरवंगार अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात बेटाचा उत्तर आणि पूर्वेकडचा मोठा भाग ‘कोरडा पट्टा’ म्हणून ओळखला जातो. वर्षाला १७५० मिलिमीटरपेक्षा कमी पाऊस पडणारा तो कोरडा, अशी तिथली व्याख्या. लातूरची सरासरी याच्या निम्म्याच्याही आत आहे! पण तिथला बराचसा पाऊस काही महिन्यांतच कोसळतो आणि उरलेलं वर्ष कडक उन्हाचं, म्हणून तो पट्टा कोरडा. अशा मुलखात दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी एक मोठं राज्य उभं राहिलं, अनुराधपूरचं, आणि ते उभं राहिलं तळ्यांवर.

हबरनाहून जरा वाट वाकडी करून आम्ही मिन्नेरियाचं तळं पाहिलं. इसवीसनाच्या तिसऱ्या शतकात महासेन राजाने ते बांधलं. बांधावर उभं राहिलं तर पलीकडचा काठ धूसर दिसतो. तळ्यात बगळे, कडेला म्हशी, आणि खाली हिरवी भातशेतं. सतराशे वर्षांनंतर आजही त्यातून पाटाने पाणी सुटतं. या भागातले शेतकरी महासेनाला ‘मिन्नेरी देवियो’ म्हणून पुजतात. तळं बांधणाऱ्या राजाला देव करावं, हे मला फार पटलं.

मोठी तळी राजांची, पण खरी करामत गावतळ्यांची आहे. एका उतारावर अशी तळी साखळीने रचलेली असतात. वरच्या तळ्याचं पाणी शेतात जातं, शेतातून झिरपलेलं पाणी खालच्या तळ्यात साठतं, तिथून आणखी खालच्या शेतात. तळ्याच्या वरच्या अंगाला झाडांचा पट्टा राखतात, म्हणजे वारा अडतो आणि बाष्पीभवन कमी होतं. पाणी तळ्यात शिरतं तिथे गवताची पट्टी ठेवतात, गाळ तिथेच थांबतो. बांधाच्या खाली दलदलीचा एक तुकडा मुद्दाम न पेरता सोडतात, तो क्षार शोषून घेतो. मोठ्या तळ्यांच्या बांधाच्या आतल्या बाजूला दगडी चौकोनी हौद असतो. पाणी आधी त्यात येऊन त्याचा जोर मोडतो आणि मगच ते बाहेर सुटतं, त्यामुळे बांधाला धक्का बसत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेने २०१७ मध्ये या तळ्यांच्या साखळीला जागतिक महत्त्वाच्या कृषी वारशात स्थान दिलं.

याहूनही मनात बसली ती ‘बेत्मा’ नावाची रीत. ज्या हंगामात तळ्यात पाणी कमी असतं, त्या हंगामात गावाची बैठक बसते. मोजक्या पाण्यात जेवढी जमीन भिजेल तेवढीच, तळ्यालगतची, पेरायची असं ठरतं. ती जमीन कुणाच्याही मालकीची असो, त्या हंगामापुरती ती सगळ्या शेतकऱ्यांत वाटली जाते. पाणी कमी म्हणून कुणाचं शेत पूर्ण पडीक आणि कुणाचं पूर्ण भिजलेलं, असं होऊ द्यायचं नाही.

हे ऐकताना मला एप्रिल २०१६ आठवला. मांजरा धरण कोरडं पडलं होतं आणि मिरजेहून ‘जलदूत’ रेल्वे लातूरला पाणी घेऊन आली. पहिल्या फेरीत दहा टाक्या, पाच लाख लिटर पाणी. मुलगी तेव्हा लहान होती. टँकरपुढे लागलेली घागरींची रांग तिला आठवते. त्याच काळात, त्याच धरणाच्या खोऱ्यात ऊस उभा होता आणि कारखान्यांची धुरांडी पेटत होती. मराठवाड्याचं पाणी आटतं ते केवळ पाऊस कमी म्हणून, हे मला कधीच पटलेलं नाही. मिन्नेरियाच्या बांधावर ते आणखी पटेनासं झालं. आपल्याकडे बैठक बसत नाही.

त्रिंकोमालीच्या रस्त्यावर कंतळेचं तळं लागतं. याचा बांध २० एप्रिल १९८६ रोजी फुटला आणि शंभराहून जास्त माणसं गेली. जुनी गोष्ट आहे म्हणून ती आपोआप टिकत नाही, तिची रोज निगा राखावी लागते, हे त्या बांधाने दाखवून दिलं. आजूबाजूला हत्तींचा वावर. संध्याकाळी गाड्या सावकाश जातात. फेब्रुवारी २०२५ मध्ये हबरनाजवळ रेल्वेच्या धडकेत कळपातले सहा हत्ती मेले, तेव्हापासून या भागात रेल्वेगाड्यांच्या वेगाबद्दल बोलणं वाढलं आहे.

त्रिंकोमाली हे तमिळ, मुस्लीम आणि सिंहली अशा तिन्ही समाजांचं गाव. तिथलं नैसर्गिक बंदर जगातल्या मोठ्या आणि खोल बंदरांपैकी एक, म्हणून पोर्तुगीज, डच, फ्रेंच, इंग्रज सगळ्यांनी त्यासाठी झुंज दिली. गावाबाहेर, चायना बे भागात, इंग्रजांनी दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास बांधलेल्या तेलाच्या प्रचंड टाक्या झाडीत उभ्या आहेत. त्यांतल्या ९९ शिल्लक आहेत. ९ एप्रिल १९४२ रोजी जपानी विमानांनी इथे बाँब टाकले, तेव्हा एक विमान टाकीवरच कोसळलं. आता यातल्या काही टाक्या आपल्या इंडियन ऑइलच्या श्रीलंकेतल्या कंपनीकडे आहेत आणि बऱ्याचशा दोन्ही देशांनी मिळून वापरात आणायच्या, असा २०२२ चा करार आहे.

फ्रेडरिक किल्ल्यात शिरलं की आधी हरणं भेटतात. ठिपक्यांची चितळं रस्त्यावर, सावलीत, पोलिसांच्या चौकीसमोर निर्धास्त बसलेली. चढ चढून गेलं की कड्याच्या टोकावर कोणेश्वराचं मंदिर आणि खाली सरळ समुद्र. मूळ मंदिर पोर्तुगीजांनी १६२० च्या दशकात पाडलं आणि त्याचे दगड किल्ल्याला लावले. १९५६ मध्ये आर्थर सी. क्लार्क आणि माइक विल्सन यांनी कड्याखालच्या पाण्यात बुड्या मारल्या, तेव्हा जुन्या देवळाचे खांब आणि कोरीव दगड तळाशी सापडले. विज्ञानकथा लिहिणारा क्लार्क मुलीला माहीत होता. त्याला समुद्राच्या तळाशी देऊळ सापडलं होतं, ही गोष्ट तिला इतकी आवडली की ती कठड्यावरून बराच वेळ खाली पाहत राहिली.

मंदिराशेजारी कड्याला एक उभी चीर आहे. रावणाने तलवारीने ती पाडली, अशी तिथली कथा. जवळच हात जोडून उभ्या रावणाची मूर्ती आहे. आमच्या परळी वैजनाथची कथा सांगते की रावण शिवाचं लिंग घेऊन लंकेकडे निघाला होता आणि वाटेत ते जमिनीवर टेकलं ते तिथेच रुजलं. झारखंडमधलं देवघरही हीच कथा आपली म्हणून सांगतं. परळीत अर्ध्यावर राहिलेली ती कथा लंकेच्या टोकाला रावणाच्याच अंगाने ऐकायला मिळाली. इथे तो खलनायक नाही, हट्टी शिवभक्त आहे. देवळाजवळच्या झाडाला मूल व्हावं म्हणून नवस केलेल्यांनी छोटे लाकडी पाळणे टांगले होते. मावशी म्हणाली, “परळी काय नि हे काय, बायांचं मागणं एकच.”

तिथून काही मैलांवर कन्नियाचे गरम पाण्याचे सात चौकोनी झरे आहेत, प्रत्येकाचं तापमान थोडं वेगळं. रावणाने आईच्या उत्तरक्रियेसाठी जमिनीत तलवार मारून ते काढले, असं सांगतात. तमिळ हिंदू आजही तिथे मृतांचे विधी करतात. नांदेड जिल्ह्यात किनवट तालुक्यात उनकेश्वरला असेच गरम पाण्याचे झरे आहेत. तिथली कथा रामाची : शरभंग ऋषींचा रोग बरा व्हावा म्हणून रामाने बाण मारला आणि उष्ण पाणी उसळलं. जमिनीच्या पोटातल्या उष्णतेने तापलेलं पाणी एका ठिकाणी रामाच्या नावे लागलं, दुसऱ्या ठिकाणी रावणाच्या. बादलीने ते पाणी अंगावर घेताना मुलगी खळखळून हसली. मे महिन्याच्या दुपारी गरम पाण्याने अंघोळ कोण करतं?

मुक्काम निलावेलीला होता. त्रिंकोमालीच्या उत्तरेला लांबच लांब पांढरी वाळू, पाणी उथळ आणि संथ. इथे मुलीने जे मागितलं होतं ते तिला पूर्ण मिळालं. सकाळी ती कमरेएवढ्या पाण्यात जाऊन बसे ती ऊन चढेपर्यंत. आम्ही दोघी बहिणी सावलीत. तिला काहीही विचारायचं नाही, असं आम्ही आपसात ठरवलं होतं. निकालाचं नाव काढायचं नाही, तेही ठरलं होतं. मग हळूहळू ती आपण होऊन बोलू लागली. मोबाइलवर नसलेली, स्वतःहून बोलणारी सोळा वर्षांची मुलगी ही आजच्या घरात दुर्मीळ गोष्ट आहे आणि तिच्यासाठी एवढं लांब जावं लागलं, याचं मला वाईटही वाटलं.

पहाटे किनाऱ्यावर ओढजाळं लागायचं. कोकणात ज्याला रापण म्हणतात तेच. होडीने लांबवर जाळं टाकायचं, मग दोन टोकांना दोन रांगा करून माणसं तालावर दोर ओढतात. मासा कमी आला तरी सगळ्यांचा वाटा ठरलेला. मोसम पालटला की पश्चिम किनाऱ्यावरचे कोळीही पूर्वेकडे येऊन मासेमारी करतात, ही इथली फार जुनी रीत. मुलीने दोर ओढून पाहिला. तळवे लाल झाले, आणि शेवटी जाळ्यात चांदीसारखा चमकणारा छोट्या माशांचा ढीग आला.

समोर किलोमीटरभरावर पिजन आयलंड. रानकबुतरं तिथे घरटी करतात म्हणून हे नाव. २००३ पासून ते राष्ट्रीय उद्यान आहे. मुखवटा आणि नळी लावून पाण्यात तोंड घातलं की प्रवाळ दिसतात, पोपटमासे, आणि काळ्या टोकाच्या परांचे छोटे शार्क. ते माणसांपासून दूर राहतात. प्रवाळ म्हणजे सूक्ष्म जीवांनी वर्षानुवर्षं रचलेली वस्ती. त्यावर एकदा पाय पडला तर ती मोडते, आणि गर्दीच्या दिवशी बरेच पाय पडतात. बेटाचा किनारा मोडक्या प्रवाळांच्याच तुकड्यांचा आहे. ते उचलून आणायला बंदी आहे आणि ती योग्यच आहे.

आमच्या घरमालकीणबाईंना आम्ही अक्का म्हणत होतो. एका संध्याकाळी त्यांनी २६ डिसेंबर २००४ ची गोष्ट सांगितली. त्सुनामीत श्रीलंकेत तीस हजारांहून जास्त माणसं गेली. त्यानंतर पूर्व किनाऱ्यावर पाण्यापासून दोनशे मीटरच्या आत घर बांधायला सरकारने मनाई केली. पुढे नियम सैल झाले, पण तोवर अनेक कोळी कुटुंबं आत, समुद्र दिसत नाही अशा वसाहतींत गेली होती. मी त्यांना ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट सांगितली. किल्लारी, सास्तूर, आणि भूकंपानंतर नव्या जागी वसवलेली आखीव गावं. तिथली म्हातारी माणसं किती वर्षं जुन्या गावच्या ढिगाऱ्यापाशी जाऊन बसायची, हेही. अक्का म्हणाल्या, “आमच्याकडेही जातात. समुद्राकडे.” त्यांच्या वाट्याला त्याआधी आणि त्यानंतरही यादवी युद्ध होतं, ते २००९ च्या मे महिन्यात संपलं. त्याबद्दल त्या बोलल्या नाहीत आणि आम्ही विचारलं नाही.

२०२२ बद्दल मात्र त्या भरभरून बोलल्या. परकीय चलन संपलं, पेट्रोलला रांगा लागल्या, गॅस मिळेना, त्या परसात लाकडांवर रांधू लागल्या. त्याच्या आदल्या वर्षी सरकारने एका फटक्यात रासायनिक खतांवर बंदी घातली होती. भाताचं पीक घसरलं, काही महिन्यांत बंदी मागे घ्यावी लागली, पण हंगाम गेला तो गेलाच. शेतकऱ्याला तयारीला वेळ न देता वरून घेतलेला निर्णय काय करतो, हे आम्हाला समजावून सांगायची गरज नव्हती. आपला एक रुपया तेव्हा तिकडच्या साधारण साडेतीन रुपयांबरोबर होता, त्यामुळे आम्हाला सगळं स्वस्त वाटे. अक्कांना तेच सगळं दुप्पट-तिप्पट महागलेलं. रोजच्या जेवणातली मसूर डाळसुद्धा कॅनडा-ऑस्ट्रेलियाहून येते, असं कळल्यावर डाळमिलच्या गावातल्या आम्ही दोघी चकित झालो. पुढच्या वेळी येताना लातूरची तूरडाळ घेऊन येऊ, असं मी त्यांना कबूल केलं आहे.

परतताना कोलंबोला गॉल फेसच्या मोकळ्या किनाऱ्यावर तासभर थांबलो. हा पश्चिमेचा समुद्र : गढूळ, उसळता, कठड्यावर आदळणारा. २०२२ च्या त्या संकटात एप्रिलपासून इथेच तरुणांनी निषेधाचे तंबू ठोकले होते आणि जुलैत राष्ट्राध्यक्षांना देश सोडावा लागला. आता तिथे पतंग उडत होते आणि कोळंबी लावलेले वडे तळले जात होते. मुलीने तो समुद्र पाहिला आणि पाण्याच्या जवळही गेली नाही.

पोलोन्नरुवा राहून गेलं. बाराव्या शतकातल्या पराक्रमबाहू राजाने तिथे बांधलेल्या तळ्याला पराक्रम समुद्र म्हणतात. हे ऐकून मावशी म्हणाली, मग कंधारला काय कमी आहे? नांदेड जिल्ह्यातल्या कंधारला राष्ट्रकूटांच्या काळातला जगत्तुंग समुद्र आहे, किल्ल्याच्या अंगालाच. हे राष्ट्रकूट स्वतःला लट्टलूरचे, म्हणजे आमच्या लातूरचे स्वामी म्हणवत. मुलीने कंधार अजून पाहिलेलं नाही. क्लासला दिवाळीची सुट्टी लागली की मावशी तिला घेऊन जाणार आहे. तोवर पाऊस संपलेला असेल आणि तळ्यात किती पाणी साठलं आहे, तेही कळेल.